कडप्प्यावरची लाल खूण

आमच्या घराला तीन पायऱ्या होत्या. चढून जायच्या. हे मुद्दाम सांगतेय, कारण आज कांजूरमार्गला आमच्या दारासमोर उभं राहिलेल्या माणसाला ते खरं वाटणार नाही. आता घरात जायचं तर आधी एक बांध ओलांडायचा आणि मग आत खाली उतरायचं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात, "घर खचलेलं नाही हो, रस्ता वर आलाय." इतक्या वेळा सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्यावर कुणी तरी आरोप केलाय. आणि मजा म्हणजे पुढे तो खरंच झाला.

महामार्ग, त्याला चिकटून सर्व्हिस रोड, त्याला चिकटून आमची सोसायटी. जुनी, दोन मजल्यांची. तळमजल्यावरच्या चार घरांची दारं सरळ रस्त्याकडे उघडणारी, त्यातलं एक आमचं. डम्पिंगकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या दिवसभर याच रस्त्याने जातात. भरून जातात, गळत जातात, आणि रस्त्याची वाट लावून जातात. मग दरवर्षी उन्हाळा संपता संपता एक टोळी यायची, खड्ड्यांवर आणि खड्डे नसलेल्या ठिकाणीही सरसकट डांबर ओतायची, रोलर फिरवायची आणि निघून जायची. जुनं डांबर आधी खरवडून काढायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या टोळीला तर ते कधीच कळलं नसावं.

मी शाळेत असताना पहिली पायरी गेली. कॉलेजात असताना दुसरी. लग्न होऊन बोरीवलीला गेले तेव्हा सगळ्यात वरची कडप्प्याची पायरी रस्त्याच्या वर जेमतेम चार बोटं उरली होती. आणखी तीन-चार वर्षांत तीही रस्त्याला लागली. पायरी गेली म्हणून कुणी रडत नाही. आपण फक्त एक दिवस पाय उचलायला जातो आणि उचलावा लागत नाही.

बाबा सरकारी कचेरीत रेकॉर्ड विभागात कारकून होते. आख्खी नोकरी त्यांनी आलेले कागद लावण्यात, शिवण्यात आणि सांभाळण्यात घालवली. निवृत्तीनंतरही त्यांचा एक विश्वास ढळला नाही: कागद केला की काम झालं. रस्त्याच्या प्रत्येक थराबद्दल त्यांचा एक अर्ज आहे. प्रत्येक अर्जाची प्रत आहे, प्रतीवर आवक शिक्का आहे, आणि सगळं लोखंडी कपाटात तारखेवार लावलेलं आहे. मी त्यांच्यावर चिडायचे. "बाबा, अर्जाने डांबर खाली जात नाही," असं म्हणायचे. ते शांतपणे सांगायचे, "जात नाही गं. पण नोंद राहते."

चार-पाच वर्षांपूर्वी रस्त्याची मोजणी करणारे दोघे आले. रस्ता काँक्रीटचा होणार होता. तिकाटण्यावर दुर्बीण लावून एक जण बघत होता, दुसरा आकड्यांची लांब पट्टी घेऊन पळत होता. त्यांना एक पक्की जागा हवी होती, जिथून सगळ्या उंच्या मोजता येतील. आमचा कडप्पा त्यांना आवडला. त्यावर त्यांनी लाल ऑइलपेंटने एक बाण काढला, टी-बी-एम अशी तीन इंग्रजी अक्षरं लिहिली आणि खाली एक आकडा. बाबांनी त्यांना चहा दिला. आमच्या पायरीवर सरकारी खूण झाली याचा त्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो आणि अजून माझं डोकं फिरतं. रेकॉर्डच्या माणसाने त्या आकड्याचा रेकॉर्डच्या माणसासारखा अर्थ लावला. त्यांना वाटलं, हा आपल्या घराचा त्यांच्या फायलीतला क्रमांक. खूण राहिली की आपण त्यांच्या कागदात राहिलो.

त्यानंतर ते ती खूण जपायला लागले. त्यावर चप्पल काढू द्यायचे नाहीत. रंग उडाला की ब्रश घेऊन बसायचे आणि तीच अक्षरं, तोच आकडा पुन्हा गिरवायचे. कपाटाखाली लाल रंगाचा एक छोटा डबा कायमचा राहायला आला.

त्याच वर्षी पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी सरळ घरात आलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता. ती पलंगावर पाय सरळ करून बसली होती आणि खाली काळ्या पाण्यात तिच्या चपला फिरत होत्या. त्या पाण्याला कचऱ्याच्या गाड्यांचा वास होता. मी बोरीवलीहून लिंक रोडच्या खोदकामातून तीन तास वळसे घेत पोचले, तेव्हा ती रडत नव्हती. तिने मला आणि बाबांना एकत्रच सांगितलं, "यापुढे एकदा जरी घरात पाणी आलं ना, तर मी हिच्याकडे जाणार. तुम्ही यायचं तर या, नाहीतर राहा तुमच्या कपाटाशेजारी."

आई असं बोलून विसरणाऱ्यातली नाही. बाबांनाही ते माहीत होतं. आणि बाबा हे घर सोडून एक रात्रही राहिलेले नाहीत, माझ्या बाळंतपणातसुद्धा हॉस्पिटलात बसून झोपायला घरी जायचे. म्हणजे त्या दिवसापासून घरात पाणी येणं म्हणजे या दोघांची पन्नास वर्षांची जोडी फुटणं, एवढा सरळ हिशेब होता.

मग मीच भांडून, ओरडून गवंडी आणला. हे लपवण्यात अर्थ नाही. दारात बांध घालायचा, पायरी उचलायची, हा हट्ट माझा. गवंड्याने छिन्नी कडप्प्याला लावली आणि बाबा आतून धावत आले.

"अहो, थांबा, थांबा! त्यावर खूण आहे."

"काका, दगड फुटणारच ना. नवा टाकू, झकास दिसेल."

"फुटता कामा नये. अख्खा काढा. सरकारी खूण आहे ती."

गवंडी माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "करा बाबा म्हणतात तसं, नाहीतर आज काम व्हायचं नाही." त्याने अर्धा दिवस घालवून तो कडप्पा अख्खा सोडवला, खाली विटांचे दोन थर रचले आणि कडप्पा परत वर बसवला. खूण जशीच्या तशी. बाण, अक्षरं, आकडा, सगळं. फक्त आठ इंच वर. बाबा खूश, आई खूश, मी तर स्वतःवर फारच खूश. पुढचे दोन पावसाळे घरात थेंब आला नाही.

त्यानंतर काँक्रीटच्या कामाला मुहूर्त लागला. कोवळा इंजिनिअर होता, बोलायला गोड. त्याने नकाशा उलगडून बाबांना दाखवलं, "काका, जुने सगळे थर उपटून काढणार आहोत. रस्ता तुमच्या घरातल्या लादीच्या सहा इंच खाली येणार, आणि गटार त्याच्याही खाली. पाण्याचं टेन्शन विसरा." बाबांनी त्याला नकाशाची प्रत मागितली आणि तो चक्क देऊन गेला. त्या रात्री बाबांनी मला फोन करून सांगितलं की आता एक पायरी परत येणार. माझ्यासारख्या चिडक्या बाईच्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पाच महिने आई फळीवरून जा-ये करत होती. धूळ, जेसीबीचा धडधडाट, पाण्याची फुटलेली लाइन, सगळं तिने सोसलं, कारण शेवटी रस्ता खाली जाणार होता. जुने थर खरंच उपटले. खड्ड्याच्या कडेला डांबराच्या काळ्या रेघा एकावर एक दिसत होत्या. बाबा काठीने मोजून दाखवायचे, ही तुझ्या दहावीची, ही तुझ्या लग्नाची.

मग काँक्रीटसाठी कडेच्या लोखंडी पट्ट्या लागल्या. मला त्या उंच वाटल्या. मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, ती नुसती शटरिंग आहे. माल बसला की खाली दिसेल." मला काँक्रीटमधलं काय कळतं? मी गप्प बसले. आयुष्यात जिथे जिथे ओरडायला नको होतं तिथे मी ओरडले आहे, आणि तिथे मात्र गप्प बसले.

नवा रस्ता आमच्या लादीच्या वर दोन इंच आला.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण दारात बांध होता. मे महिन्याची टळटळीत दुपार. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून रस्त्यावर मातीची छोटी छोटी आळी करून त्यांत पाणी भरून ठेवतात. टँकरवाल्याने नळी सोडून दिली आणि जेवायला गेला. आळी भरून वाहिली, पाणी रस्त्याबरोबर वर आलेल्या नव्या कोऱ्या गटारात गेलं आणि गटारातून उलटं आमच्या मोरीतून वर आलं. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि आमच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी. मोरीची जाळी तरंगत होती. दारातला बांध कोरडा ठणठणीत. शेजारच्या तिन्ही घरांतही तेच झालं.

मी त्या दिवशी तिथेच होते. आईने डबे वर उचलून ठेवले, हात पुसले आणि माळ्यावरून बॅग काढायला सांगितली. बाबा म्हणाले, "हा पाऊस नाही. हे टँकरचं पाणी आहे." आई म्हणाली, "पाणी आहे ना?"

मी तिच्याकडून आठ दिवस मागून घेतले. दुसऱ्या दिवशी नकाशाची प्रत घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. लादीच्या सहा इंच खाली असं लिहून देता आणि दोन इंच वर आणता, डोळे फुटले होते का तुमचे? इंजिनिअर गोरामोरा झाला. म्हणाला, "मॅडम, असं होऊच शकत नाही. लेव्हल बरोबर आहे." संध्याकाळी तो स्वतः दुर्बीण घेऊन आला. पट्टी कडप्प्यावर ठेवली. आकडे लिहिले. मग सहज म्हणून त्याने उंबऱ्याच्या आत डोकावून लादीकडे पाहिलं, पुन्हा कडप्प्याकडे पाहिलं, खाली बसून विटांच्या थरांवरून बोट फिरवलं.

"मॅडम, हा दगड कुणी उचलला?"

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळलं. त्यांनी सगळ्या रस्त्याची उंची या खुणेवरून धरली होती. खूण आठ इंच वर गेली होती, तर रस्ताही आठ इंच वर आला होता. आमच्या एकट्याच्या दारात नाही, अख्ख्या पट्ट्यात.

"पण एकाच खुणेवर कसं काय मोजलंत?" मी विचारलं. "दुसरी खूण नव्हती?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "होत्या ना. चार होत्या. एक गटाराच्या कामात गेली, एक केबलवाल्यांनी खोदली, एकावर आमच्याच लोकांनी पिवळा पट्टा मारला. तुमचीच तेवढी नीट होती, एकदम ताजी. काय करणार यार, आम्हाला वाटलं, चला, एक तरी सापडली."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. स्वतःच्या तीन खुणा ज्यांना सांभाळता आल्या नाहीत, त्यांना एका म्हाताऱ्याने जपलेली चौथी सापडली, आणि तिच्यावर त्यांनी डोळे मिटून रस्ता घातला. समोर दार होतं. दारातून लादी दिसत होती. एका माणसाने एकदा वाकून बघितलं असतं तरी पुरलं असतं.

चार दिवसांनी त्यांचं पत्र आलं. सोसायटीच्या नावे, म्हणजे सगळ्यांनी वाचावं असं. "सदर खूण तळमजल्यावरील रहिवाशाने परस्पर हलविल्यामुळे पातळीत फरक पडला असून त्यास हे खाते जबाबदार नाही." शेजारच्या काकूंनी ते वाचून आमच्या दाराकडे बघितलं आणि स्वतःचं दार लावून घेतलं. तीस वर्षं त्यांनी आमच्याशी भिंतीआडून गप्पा मारल्या होत्या. मला ते पत्र बाबांपासून लपवायचं होतं, पण आमच्या घरात कागद लपत नाही.

बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. 'परस्पर' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मग ते उठले, कपाट उघडलं, एक फाइल काढली आणि पाच मिनिटांत त्यातला एक कागद माझ्या हातात दिला. त्यांच्या वळणदार अक्षरातला अर्ज. बांध घातला त्याच्या दुसऱ्याच दिवशीचा. "आपल्या खात्याने आमच्या पायरीवर केलेली खूण, पायरीचे काम करताना, दगडासह आठ इंच वर घेतली असून ती सुस्थितीत आहे. कृपया नोंद व्हावी." खाली त्याच ऑफिसचा आवक शिक्का. निळा, स्वच्छ, तारखेसकट.

मी अक्षरशः नाचले. आई पलंगावरून म्हणाली, "अगं हळू, माझा गुडघा गेला म्हणून काय तुझाही मोडून घेतेस?" बाबा पहिल्यांदाच जरा हसले. "सांगत होतो ना," ते म्हणाले, "नोंद राहते."

या वेळी ते माझ्याबरोबर ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत फाइल. त्यांनी आवक रजिस्टर मागितलं, क्रमांक सांगितला, आणि त्या क्रमांकावरून मूळ अर्ज कुठल्या गठ्ठ्यात असेल तेही त्यांनीच सांगितलं. तिथली बाई बघत राहिली. अर्ज मिळाला. कडक, कोरा, एकदाही न उघडल्यासारखा. वरच्या कोपऱ्यात शेरा होता: "नोंद घेतली. दप्तरी दाखल." खाली एक आडवी सही.

इंजिनिअरने तो वाचला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मी तोंड उघडलं. एवढे दिवस साठवलेलं सगळं त्याच्या टेबलावर ओतणार होते. पण बाबा बोलले, आणि त्याच्याशी नाही, माझ्याशी.

"हेच मी लिहायचो," ते म्हणाले. "दप्तरी दाखल. दिवसाला वीस, पंचवीस."

"वाचून लिहायचात ना?"

त्यांनी अर्ज परत घडी घालून टेबलावर ठेवला. घडी जुनीच होती, तिच्यावरूनच घातली.

"सुरुवातीला," ते म्हणाले.

मला त्यांचाही राग आला. तिथेच, त्या परक्या ऑफिसात, इंजिनिअरपेक्षा जास्त आला. त्यांनी न वाचलेल्या कागदांत कुणाची पायरी होती, कुणाची मोरी होती, कोण जाणे. पण रिक्षात बसताना त्यांचा हात धरावा लागला, त्यांना पाय उचलता येत नव्हता, आणि तो राग मी तसाच गिळला. तो अजून पचलेला नाही.

ऑफिसने जबाबदारीचं वाक्य मागे घेतलं. नव्या पत्रात लिहिलं की तांत्रिक कारणाने पातळीत फरक राहिला असून पुढील दुरुस्तीच्या वेळी त्याचा विचार करण्यात येईल. काँक्रीटचा रस्ता आता माझ्या आयुष्यात कुणी फोडत नाही, हे मला कळतं. शेजारच्या काकूंना मी दोन्ही पत्रं नेऊन दाखवली. त्यांनी चहा दिला, पण भिंतीआडच्या गप्पा काही परत सुरू झाल्या नाहीत.

आठ दिवस संपले. शनिवारी सकाळी मी आईला न्यायला गेले. बॅग दारात तयार होती. बाबांना म्हटलं, चला ना तुम्हीपण, हट्ट सोडा. ते म्हणाले, "मी आहे इथे. कुणीतरी राहायला हवं." आईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि बांध ओलांडला. नव्या गुडघ्याने, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

तिला रिक्षात बसवून मी वळले, तर बाबा कडप्प्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातात ब्रश, बाजूला लाल रंगाचा डबा. मला वाटलं, खूण पुसतायत. पुसावी, असंच मला वाटत होतं, छिन्नीच आणून द्यावी. पण ते पुसत नव्हते. बाण, अक्षरं, आकडा होता तसाच ठेवून त्याखाली ते लिहीत होते. अर्जावर लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, शिरोरेघ सरळ: "हा दगड आठ इंच वर घेतला आहे"

"अहो," आईने रिक्षातून हाक मारली. "झोपताना मोरीला बोळा घालत जा. विसराल."

बाबांनी मान हलवली, पण वर बघितलं नाही. वाक्याचा पूर्णविराम द्यायचा राहिला होता.